फोडणीच्या पळीने घेतलेलं मुशीचं तेल

गेल्या आठवड्यात शेजारच्या वाडीतली एक बाई हातात बाटली घेऊन आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहिली. बाटलीत पिवळंजर्द तेल. "मास्तरानू, सून बाळंत झाली आसा. ह्या तिका किती देवचा?" तिने विचारलं. मला इतकं बरं वाटलं, की मी तिला बसवून घेतलं आणि आत चहा टाकायला सांगितलं. बाई गोंधळली. मास्तर एवढे कशाने खूश झाले, ते तिला कळेना.

किती द्यायचं, हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी कोणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही, आणि मी तर शाळेत मुलांना वजनं-मापं शिकवणारा माणूस. त्या न विचारलेल्या प्रश्नापायी मी आणि माझी मुलगी कुठवर जाऊन आलो ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. बाई गेल्यावर वही घेऊन बसलो.

छातीचा फोटो

मिठबावच्या शाळेत लागून मला सात वर्षं झाली होती. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता. त्या वर्षी पावसाळाभर मला बारीक ताप येत राहिला आणि उजव्या कुशीत दुखायला लागलं. मालवणच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला, तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, क्षयाची सुरुवात आहे. पण घाबरू नका, आता यावर इंजेक्शनं निघाली आहेत."

पुढचं मला ऐकू आलं नाही. त्यांच्या टेबलावर एक कागद दाबून ठेवायला शंख होता, त्याच्याकडे मी बघत बसलो. माझी शालू तेव्हा दीड वर्षाची होती. डॉक्टरांनी तिला जवळ घ्यायचं नाही असं बजावलं तेवढं मात्र नीट ऐकू आलं.

घरी आम्ही चौघं. मी, माझी बायको इंदू, शालू आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्काचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच, आणि स्वयंपाकघर तिच्या हुकमतीखाली. माझं अंथरूण पडवीत गेलं. ताट, तांब्या, पंचा सगळं वेगळं झालं. इंदू संध्याकाळी शालूला घेऊन माजघराच्या दारात उभी राहायची आणि शालू मला तिथून हात हलवायची. बापाला लांबूनच बघायचं असतं असा तिचा समज झाला असावा. ती मला बाबा म्हणायला शिकली नाही. सगळे म्हणत तसं "मास्तल" म्हणायची.

इंजेक्शनं नव्वद दिवस घेतली, गोळ्या त्यापुढेही चालू राहिल्या. दिवाळीपर्यंत ताप गेला. डॉक्टर म्हणाले, "आता अंग भरायला हवं. दूध, अंडी, आणि रोज एक लहान चमचा माशाचं तेल घ्या."

बांद्याची बाटली आणि हसनमामूंची बाटली

इंदूचा भाऊ बांद्याला दुकान चालवायचा. हद्द जवळ, त्यामुळे गोव्यातून येणारी विलायती तेलाची बाटली त्याच्याकरवी मिळाली. सोबत एक इवलासा चमचा होता. दोन बाटल्या संपल्या आणि हद्दीवरचा बंदोबस्त कडक झाला. तिसरी येईना.

तेव्हा हसनमामू मदतीला आले. खाडीच्या तोंडाशी त्यांचं घर. माझ्या वडिलांचे ते दोस्त, वडील गेल्यावर आमच्याकडे सणावाराला पहिलं पाऊल त्यांचं पडायचं. मोठ्या मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, मागे लांब पाण्यात जाणारे आमच्या बाजूला दोन-चारच होते, त्यांत ते एक. मुशीचं यकृत केवढं असतं ते पाहिल्याशिवाय पटायचं नाही. त्याचे तुकडे हंडीत घालून शिजवायचे, वर येणारं तेल काढून फडक्यातून गाळायचं आणि उन्हात ठेवायचं. हे तेल मुख्यतः होडीच्या फळ्यांना चोपडायला. त्यातलं वरचं स्वच्छ तेल अशक्त माणसासाठी काढून ठेवत.

मामू बाटली घेऊन आले ते हसतच. "मास्तर, त्या इलायती बाटलेत काय होता? खंयच्या तरी बारक्या माशाचा तेल. ही आमची मुशी बघ, माणसापरास लांब. ह्या अस्सल आसा."

"आणि वास?" मी म्हटलं.

"वास येतलोच. होडी शंभर वर्षां टिकता ती उगीच?"

मी हसलो, नाक धरलं आणि घेतलं. विलायती बाटलीबरोबर तिचा इवला चमचाही कुठेतरी गेला होता. आक्काने तेल म्हटल्यावर सवयीने फोडणीची पळी उचलली. मी जरा कां-कूं केलं तर म्हणाली, "पळीभर घे रे. थेंब थेंब घेवन खंय अंगाक लागतला?"

"डॉक्टरांनी लहान चमचा सांगितलाय, आक्का."

"ता औषधाचा झाला. ह्या औषध खंय? ह्या खाणा. खाण्याक माप कित्याक होया?"

मला ते पटलं. आमच्याकडे प्रेम मोजून वाढलं तर माणसाला राग येतो. दोन घास जास्त वाढणं हाच आमच्या घराचा रिवाज, आणि तो मी बाटलीलाही लावला.

जितका अशक्त, तितकं तेल

पहिले दोन महिने मी सुधारलो, हे खोटं नाही. भूक लागली, गालांवर मांस आलं. आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायची. शाळेतही पुन्हा जाऊ लागलो.

शिमग्याच्या सुमारास ओठ फुटायला लागले. हाताची कातडी सुटू लागली. उशीवर केस पडायचे. मग सकाळी उठल्यावर डोकं असं दुखायचं की भिंतीला कपाळ टेकून बसावं लागे. आक्का म्हणाली, अशक्तपणा परत आला. म्हणून संध्याकाळीही एक पळी सुरू झाली. डोकं अधिक दुखू लागलं, उलट्या होऊ लागल्या, आणि आम्ही निष्ठेने दोन पळ्या चालू ठेवल्या. उलटी झाली तर आक्का पुन्हा एक पळी द्यायची, आधीची वाया गेली म्हणून.

वैशाखात एके दिवशी फळ्यावर मी गणित लिहिलं आणि मला प्रत्येक आकडा दोनदा दिसला. मुलांकडे वळलो, तर चाळीस मुलांची ऐंशी झालेली. मी खुर्चीवर बसलो आणि मुलांना पाढे म्हणायला सांगितले. क्षय मेंदूत चढतो हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्या दिवशी मी तेच धरून बसलो आणि कोणाला बोललो नाही.

शालू

याहून वाईट गोष्ट घरात घडत होती. शालू चांगली धावायची, ती चालेनाशी झाली. पायाला हात लावला की किंचाळायची. जेवण टाकलं, चिडचिडी झाली, तिचे मऊ केस झडून मागची टाळू दिसायला लागली. इंदू तिला उचलायची तर ती आईलाही ढकलायची.

इंदूने तिला दारात आणून दाखवणं बंद केलं. मी समजलो. लांब राहूनही मी माझ्या पोरीला माझा रोग दिला होता. माझ्या ताटाला, कपड्याला, श्वासाला कुठेतरी ती लागलीच. मी मेलो तर मेलो, पण हिला बरोबर नेऊ नको, असं मी देवाला रोज सांगायचो. त्या दिवसांत मला कशाचीच चव लागत नव्हती आणि कोणाचं बोलणं सहन होत नव्हतं. आक्का एकदा "धीर धर रे" म्हणाली तर मी ताट सारून दिलं. त्याची लाज अजून वाटते.

मालवणच्या डॉक्टरांनी माझे डोळे तपासले, चेहरा गंभीर केला आणि चिठ्ठी देऊन म्हणाले, "उशीर करू नका. कोल्हापूरला जा."

कोल्हापूर

इंदूला शालूला सोडून येणं शक्य नव्हतं. होड्या नुकत्याच किनाऱ्यावर ओढल्या होत्या, म्हणून हसनमामू म्हणाले, "मी येतंय तुझ्यावांगडा." बैलगाडीने सडकेपर्यंत, तिथून नांदगावला, नांदगावला गाडी बदलून फोंड्याच्या घाटाने वर. घाटातल्या प्रत्येक वळणाला मी ओकलो आणि मामूंनी प्रत्येक वेळी आपल्या पंच्याने माझं तोंड पुसलं. माझा रोग कोणता, हे त्यांना ठाऊक होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच विचारलं, "आणखी काय काय घेता?" मी पाठ म्हटल्यासारखी इंजेक्शनं आणि गोळ्या सांगितल्या. तेल सांगितलं नाही. लपवलं नव्हतं. ते मला त्या यादीतलं वाटलंच नाही. त्यांनी विचारलं असतं की भात किती खाता, तर तोही मी औषधांत धरला नसता.

दुसऱ्या दिवशी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलो, समोरच्या भिंतीवर पालीचं एक पिल्लू होतं, त्याच्यावर डोळे ठेवले. सुईपेक्षा सुईची वाट बघणं जड गेलं. गंमत अशी की पाणी काढल्यावर डोकं हलकं झालं, आणि कित्येक दिवसांनी मी पोटभर पेज प्यालो. वॉर्डातल्या सिस्टरने ती स्वतः भरवली. तिचं नाव मी विचारलं नाही, याची आज चुटपुट लागते.

पाणी स्वच्छ निघालं. मेंदूत क्षय नव्हता. छातीचा नवा फोटोही चांगला आला. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी रडलो, पण ते स्वतः खूश दिसेनात. "मग डोक्यात दाब कशाने वाढलाय, ते मला कळत नाही," म्हणाले. कळत नाही असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. तेव्हा घाबरलो, आता त्या माणसाचा फार आदर वाटतो.

उशाखालची बाटली

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर चादर बदलायला आली आणि तिचं नाक आकसलं. "कसला वास येतोय?" मामू दारातच बसलेले. ते उठून पुढे आले आणि माझ्या उशाखालची बाटली त्यांनी स्वतःच काढून दाखवली. आक्काने ती त्यांच्या गाठोड्यात बांधून दिली होती, पळीसकट. दोन्ही दिवस मामूंनी मला नेमाने तेल पाजलं होतं.

सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला, तेल बोटावर घेऊन पाहिलं.

"हे काय आहे?"

मामू अशा ठिकाणी शुद्ध बोलायचे. "तेल आहे साहेब. घरचं. मुशीच्या यकृताचं."

"किती देता यांना?"

मामूंनी अभिमानाने पळी पुढे केली. "सकाळी एक, संध्याकाळी एक. एक दिवस चुकवला नाही."

"किती महिने?"

"पौषापासून."

डॉक्टर माझ्या खाटेवर बसले. त्यांनी माझे हात उलटेसुलटे केले, सुटलेली कातडी पाहिली, केसांतून बोटं फिरवली. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"ते औषध नाही ना," मी म्हटलं. आक्काचंच वाक्य, फक्त शुद्ध मराठीत.

त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. या तेलात एक जीवनसत्त्व असतं, ते थोडं लागतंच. पण विलायती बाटलीत जे चमचाभर तेलात असतं, ते मोठ्या मुशीच्या तेलात काही थेंबांतच सापडतं. आणि हे जीवनसत्त्व जास्त झालं म्हणून शरीर बाहेर टाकत नाही, साठवत राहतं. डोकं, डोळे, केस, कातडी, हाडं, सगळीकडे त्याचा त्रास होतो. "तेल बंद करा. बहुतेक सगळं आपोआप उतरेल," ते म्हणाले आणि उठले. उठता उठता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी घेतं का?"

मी मामूंकडे पाहिलं. मामूंचा चेहरा उतरला होता.

"चेडू घेता," ते म्हणाले. शुद्ध बोलायचं विसरले. "बापाशीचो रोग तिका लागा नये म्हणान. अर्दी पळी. रोज."

मला हे माहीत नव्हतं. आतल्या घरात काय चालतं ते पडवीतल्या माणसाला कळत नसे. डॉक्टरांनी विचारलं, तिचे पाय दुखतात का, केस जातात का, चिडचिड करते का. प्रत्येक प्रश्नाला मी मान हलवत होतो, आणि हलवता हलवता माझ्या लक्षात आलं, की हा माझा रोग नव्हे. माझ्या पोरीला मी काही दिलेलं नाही. आयुष्यात इतका आनंद आणि इतकी भीती मला एकाच वेळी कधी झाली नव्हती. कारण आज सकाळचीही अर्धी पळी तिच्या पोटात गेली असणार होती.

तार

मामू तसेच तार ऑफिसात धावले. मजकूर मी सांगितला: तेल ताबडतोब बंद करा. शालूचं आधी. मी ठीक.

आमच्या गावात तार येते ती कोणी गेल्याचीच. पोस्टमन खळ्यात शिरला आणि आक्का जमिनीवर बसली. इंदूने तार हातात घेतली पण उघडली नाही. शेवटी पोस्टमननेच मोठ्याने वाचली. नंतर इंदूने मला जे सुनावलं ते अजून कानात आहे. "'मी ठीक' ह्या आदी लिवक काय झाला होता? तेल तेल म्हणान वाचीत बसलो तो, आणि हय माझो जीव गेलो."

तार वाचून झाली तशी इंदूने घरातली दुसरी बाटली उचलून परसातल्या माडाच्या आळ्यात ओतली. आक्का अडवायला गेली नाही. दोघींचं पुढे आठ दिवस बोलणं बंद होतं. कोणी पळी दिली आणि कोणी पोरीला सुरू केलं, हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघींनी ते आमच्या भल्यासाठीच केलं होतं, म्हणून भांडायलाही जागा नव्हती.

इकडे मामू जेवेनात. इस्पितळाच्या आवारातल्या चिंचेखाली नमाज पढायचे आणि तिथेच बसून राहायचे. मी भिंत धरत धरत त्यांच्यापर्यंत गेलो.

"माझ्या हातान तुका ईख दिलंय रे," ते म्हणाले. "तुझ्या बापाशीक काय सांगतलंय मी वर गेल्यार?"

मला सुचलं ते मी बोललो. तुम्ही बाटली एवढ्या लांब वाहून आणली नसती, दोन दिवस न चुकता पाजलं नसतं, तर ती डॉक्टरांच्या हातात पडली नसती. मला कोणी दुर्लक्षाने आजारी पाडलं नव्हतं, आणि ज्या मायेने आजारी पडलो तिनेच वाचलो. डॉक्टरही येता-जाता थांबून म्हणाले, "बाबा, तेल उत्तम आहे. माप चुकलं." त्या दुपारी मामूंनी भाकरी खाल्ली. तो माणूस मला लाभला, यासाठी मी कोणाचे आभार मानू ते मला कळत नाही. मानतो मात्र रोज.

बाटलीवरची पट्टी

तीन आठवड्यांनी मी घरी आलो. डोकेदुखी गेली होती, एकाचे दोन दिसणं जवळजवळ थांबलं होतं. केस यायला पुढचं वर्ष उजाडलं, आणि काही आले नाहीत ते नाहीच.

तेलाशी मी वैर धरलं नाही. दीड वर्षाने मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पुन्हा थोडं सुरूही केलं. थेंब मोजून, ते सांगतील तितके महिने, आणि मग बंद. आता कोणी बाटली घेऊन विचारायला आलं की मी स्वतः आकडा सांगत नाही, कारण एका मुशीचं तेल दुसरीसारखं नसतं आणि मी डॉक्टर नाही. मी एवढंच म्हणतो की डॉक्टरांकडे जाताना ही बाटली बरोबर न्या, घरातलं कोण कोण किती घेतं तेही सांगा, काढे, चाटण, आजीची पुडी, काही गाळू नका. बाळंतिणीला आणि पोटुशीला तर विचारल्याशिवाय थेंबही नको. आणि घेताना त्रास वाढला तर आधी थांबवा, वाढवू नका. त्या बाईलाही हेच सांगितलं. सूनबाईला घेऊन ती दुसऱ्या दिवशी मालवणला गेली.

हसनमामू आता तेल दिलं की बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवतात. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून पट्टी मी लिहून देतो: डॉक्टरांना दाखवून मगच.

शालूचे पाय

मी परत आलो तेव्हा शालू जेवायला लागली होती, पण कडेवरून उतरत नव्हती. पायाला हात लावू द्यायची, उभी राहायची नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला निक्षून सांगितलं होतं, छाती साफ आहे, मुलीला खुशाल घ्या. माझं धाडस झालं नाही. मी आपला पडवीत आणि ती माजघरात. पायाचं दुखणं गेलं तरी ती पुन्हा चालेल की नाही, हे मी आणि इंदू एकमेकांना विचारत नव्हतो.

गणपती होऊन गेले होते. एका दुपारी मी खळ्याच्या कडेला वह्या तपासत बसलो होतो. इंदूने शालूला पायरीवर बसवलं आणि भात वाळत घालायला वळली. कोंबडीची पिल्लं खळ्यातून चालली होती. शालू उठली. पायरी उतरली, आणि पिल्लांच्या मागे धावली. चालली नाही, एकदम धावलीच. चार-पाच पावलं टाकली असतील आणि चिऱ्याला अडखळून पालथी पडली. गुडघा चांगलाच सोलवटला, रक्त आलं, आणि तिने जो भोंगा पसरला तो खाडीपर्यंत गेला असेल.

आक्का चुलीवरचं टाकून बाहेर आली. इंदू सुपासकट मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोर पडून रडतेय आणि आई हसतेय. उचलायला कोणी पुढे होईना.

मीच सगळ्यांत जवळ होतो. म्हणून मी उचललं.